वाचकांचे प्रश्न : सगळेच दाणे गुप्तरोगाचे नसतात

प्रश्न : माझे वय २४ असून येत्या मार्गशीर्षात लग्न ठरले आहे. महिन्यापूर्वी अंघोळ करताना शिश्नाच्या मण्याच्या कडेने बारीक, पांढरट दाण्यांची रांग दिसली. दाणे दुखत नाहीत, खाजतही नाहीत. अंडकोशाच्या कातडीतही पिवळसर ठिपके आहेत. माझा आजवर कोणाशीही शरीरसंबंध आलेला नाही. मित्राच्या सांगण्यावरून मेडिकलमधून एक ट्यूब आणून आठ दिवस लावली. दाणे तसेच राहिले, पण आता तिथे आग होते. लग्न पुढे ढकलावे का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : लग्न पुढे ढकलण्याचे काहीच कारण दिसत नाही; ट्यूब मात्र आजच बंद करा. वयात आल्यानंतर अनेक तरुणांच्या मण्याच्या कडेला १ ते २ मिलिमीटर उंचीचे, एकसारख्या आकाराचे आणि कोणी मोजून मांडावेत तसे एका किंवा दोन ओळींत बसलेले दाणे दिसू लागतात. हा कातडीच्या घडणीचाच भाग आहे. तो संसर्गाने येत नाही, पत्नीला लागत नाही, अस्वच्छतेमुळेही होत नाही, आणि वय वाढते तसे हे दाणे बहुधा फिके होत जातात. अंडकोशावरचे पिवळसर ठिपके म्हणजे तेलग्रंथी. कातडी ताणली की त्या जास्त उठून दिसतात, आणि तशाच ग्रंथी पुष्कळांच्या ओठांच्या कडेलाही असतात. पन्नाशीच्या आसपास अंडकोशावर जांभळट-काळे ठिपके येतात, तेही बहुधा निरुपद्रवीच असतात. नखाने खरवडले तर रक्त येते, एवढेच.

संसर्गाने येणाऱ्या चामखिळींची तऱ्हा वेगळी असते. त्या लहानमोठ्या, खरबरीत, कुठेही विखुरलेल्या असतात, आठवड्यागणिक वाढतात आणि कधीकधी फुलकोबीच्या गड्ड्यासारख्या दिसू लागतात. दाण्याच्या मधोमध बेंबीसारखा खळगा असेल, तर तो आणखी एका विषाणूचा संसर्ग असू शकतो. आणि दाण्यांना रात्री अनावर खाज सुटत असेल, घरातली इतर माणसेही खाजवत असतील, तर खरजेचा विचार आधी करावा लागतो. तिच्यावर एकट्याने नव्हे, तर सगळ्या घराने एकाच वेळी उपचार घ्यायचे असतात. तुमच्या वर्णनात यातले काहीच नाही. तरीही पत्रावरून केलेले निदान हे निदान नव्हे, म्हणून लग्नाआधी त्वचारोगतज्ज्ञांना एकदा दाखवा. त्यांना नुसत्या नजरेने दोन मिनिटांत उमगेल.

राहिला प्रश्न आगीचा. आपल्याकडे दुकानातून सर्रास मिळणाऱ्या अशा ट्यूबमध्ये बुरशीविरोधी औषध, प्रतिजैविक आणि जोडीला तीव्र स्टेरॉइड एकत्र कालवलेले असते. शिश्न, अंडकोश आणि जांघ येथील कातडी पातळ असल्याने स्टेरॉइड तिच्यात पटकन मुरते, ती आणखी पातळ होते आणि झोंबू लागते. जांघेतल्या गजकर्णावर हीच ट्यूब लावली, तर चार दिवस खाज थांबते आणि मग चट्टा दुपटीने पसरतो. चिवट झालेल्या गजकर्णाचे जे रुग्ण आज दवाखान्यांत दिसतात, त्यांतल्या अनेकांच्या खिशात अशी एखादी पिळून चपटी झालेली ट्यूब असतेच. चिमटा, ब्लेड, चुना, टूथपेस्ट हे प्रकारही लोक करतात. तुम्ही करू नका.

प्रश्न : वय ५१. शिश्नाच्या पुढच्या कातडीला चार महिन्यांपासून बारीक चिरा पडतात, लघवी करताना झोंबते, आणि आता कातडी पूर्ण मागे जात नाही. आत पांढरा थर जमतो. पत्नीलाही खाज आहे. डेटॉलच्या पाण्याने धुतो, तरी फरक नाही.
– एक वाचक, नागपूर

उत्तर : आधी डेटॉल थांबवा आणि उद्या सकाळी उपाशीपोटी रक्तातली साखर तपासा; सोबत तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी चाचणीही करा. पुढच्या कातडीला पुन्हापुन्हा चिरा पडणे हे मधुमेहाचे पहिले लक्षण असू शकते, आणि किती तरी जणांना आपला मधुमेह याच तक्रारीमुळे कळतो. वाढलेल्या साखरेवर कँडिडा नावाची बुरशी फोफावते. मधुमेह आधीच असेल आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या गटातली गोळी चालू असेल, तर तसे डॉक्टरांना जरूर सांगा, कारण ही औषधे लघवीतून साखर बाहेर टाकतात आणि हा त्रास वाढू शकतो. गोळी मात्र परस्पर बंद करू नका. धुण्यासाठी साधे पाणी पुरे, धुतल्यावर जागा कोरडी करा, आणि पत्नीचीही तपासणी करून घ्या.

कातडी पांढरी, चकाकती आणि ताठर होऊन आवळत असेल, तर तो वेगळा आजार आहे आणि त्यावर वेळीच उपचार लागतात. मागे न जाणाऱ्या कातडीआड काय वाढते आहे हे दिसत नाही, म्हणून आत गाठ लागणे, न भरणारी जखम, दुर्गंधी किंवा रक्त यांपैकी काहीही आढळल्यास मूत्ररोग शल्यचिकित्सकाला दाखवण्यात दिरंगाई नको. शिश्नाचा कर्करोग बऱ्याचदा याच कातडीखाली सुरू होतो, आणि तंबाखूने त्याचा धोका वाढतो.

प्रश्न : वय ३३. कामानिमित्त बाहेरगावी असताना एकदा निरोधाशिवाय संबंध आला. तीन आठवड्यांनी शिश्नावर एक जखम झाली, पण ती अजिबात दुखत नव्हती. महिन्याभरात औषधाशिवाय भरली. आता विषय संपला असे समजू का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. दुखणारी जखम माणसाला दवाखान्यात आणते. न दुखणारी घरी बसवते, आणि म्हणून मला तिचीच जास्त धास्ती वाटते. एकच, कडक बुडाची, न दुखणारी जखम संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी यावी आणि आपोआप भरावी, ही उपदंशाची, म्हणजे सिफिलिसची, नेहमीची चाल आहे. जखम भरते, पण जंतू रक्तात राहतात आणि काही आठवड्यांनी तळहात-तळपायांवर न खाजणारे चट्टे उठू शकतात. नागिणीच्या जातीच्या विषाणूचे फोड असते, तर ते घोळक्याने आले असते आणि चांगलेच झोंबले असते. एखादी वेदनाशामक किंवा जुलाबाची गोळी घेतल्यावर दर वेळी नेमक्या त्याच जागी काळसर चट्टा उठत असता, तर मी त्या गोळीवर संशय घेतला असता. तुमचे तसे नाही.

व्हीडीआरएल, म्हणजे उपदंशासाठीची रक्ततपासणी, आणि एचआयव्ही या दोन्ही चाचण्या करा. उपदंश निघालाच, तर या सुरुवातीच्या टप्प्यात बेंझाथिन पेनिसिलिनचा २४ लाख युनिटचा एकच डोस सहसा पुरतो. मात्र पेनिसिलिनची ॲलर्जी असल्यास आधी सांगा, आणि सहा व बारा महिन्यांनी रक्त पुन्हा तपासा. तोवर संबंध टाळा आणि जोडीदारालाही तपासणीला न्या, हे सांगणे कितीही अवघड असले तरी. जिल्हा रुग्णालयांत आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असते. तिथे तपासणी व औषध मोफत मिळते आणि माहिती गुप्त राखली जाते. जवळचे केंद्र कोणते, हे १०९७ या क्रमांकावर विचारता येईल.