समोरासमोर बसवून समेट करायला आधी नकार द्या

तुम्ही लिहिलंय की मुलाला वर्षभर वर्गातली काही मुलं छळतात, आता तोच घरात धाकट्याला मारतो, तास बुडवतो, आणि शाळेने बेशिस्तीची ताकीद त्यालाच दिली. आम्ही यातून गेलोय, म्हणून लिहितेय. मी तज्ज्ञ नाही, एवढं लक्षात असू द्या.

मुलाशी शांतपणे बोलणं वगैरे तुम्ही करतच असाल. आम्हाला सर्वांत महागात पडला तो शाळेने घडवलेला समेट. समेट बरोबरीच्यांच्या भांडणात चालतो. छळात ताकद असमान असते आणि तो पुन्हापुन्हा होतो. शाळेतल्या छळावर संशोधन केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेअस यांची छळाची व्याख्याही हेच सांगते. छळणाऱ्याच्या देखत मूल खरं बोलत नाही. 'प्रकरण मिटले' अशी नोंद होते, त्रास शिक्षकांच्या नजरेआड सुरू राहतो, आणि पुढे मुलाचा हात उठला की तीच नोंद त्याच्यावर उलटते. संतापजनक आहे हे! दोघांशी वेगवेगळं बोला, असं शाळेला लेखी कळवा.

गुन्हेगारीशास्त्रज्ञ रॉबर्ट अ‍ॅग्न्यू यांनी 1992 साली मांडलेल्या ताण-सिद्धांतात राग हा मधला दुवा आहे: अन्यायाचा वाटणारा ताण, त्यातून राग, त्यातून गैरवर्तन. सगळीच मुलं अशी भडकत नाहीत, काही आतल्या आत मिटतात. पण सतत छळ सोसलेल्या मुलाला चुकून लागलेला धक्काही मुद्दाम मारलेला वाटू शकतो. धाकट्यावरचा हात बहुधा तिथूनच येतो.

दोन आठवडे वहीत लिहा: तारीख, वेळ, जागा, कोण, नेमके शब्द, कुणी पाहिलं. शेवटचा रकाना मूल त्या दिवशी कधी आणि कशावरून भडकलं याचा. तो भरलात की ताकीद मिळालेल्या दिवसांआधी काय घडलं होतं ते कागदावर दिसेल. मग अर्जात मोघम 'लक्ष द्यावे' नको. मधल्या सुट्टीत त्या जागी कोण उभं राहणार, बाक छळणाऱ्याचा बदलणार का, पुढची भेट कोणत्या तारखेला, हे विचारा. मोबाइलवरचे मेसेज पुसू नका, त्यांना उत्तरही देऊ नका.

घरी मूल भडकलं की अर्धा तास तरी जाब विचारू नका. उशीवर ठोसे मारायला सांगतात, तेही नको. त्याने राग निवत नाही, उलट त्याचा सराव होतो. मात्र धाकट्याला मारलं तर त्याची भरपाई करायला लावाच, छळ झाला म्हणून ती माफ नाही.

जीव देण्याची किंवा शस्त्राची भाषा आली तर वही, अर्ज सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, आणि तोवर त्याला एकटं सोडू नका.