बॉक्सिंग डेचा मुष्टियुद्धाशी काही संबंध आहे का? मेलबर्नच्या कसोटीला ते नाव कसं पडलं?

मुष्टियुद्धाशी काही संबंध नाही. बॉक्सिंग डे म्हणजे नाताळाच्या दुसऱ्या दिवसाची, २६ डिसेंबरची सुट्टी. ह्यातला ‘बॉक्स’ म्हणजे साधी पेटी. मराठी माणसाला हा दिवस समजायला एक शब्द पुरे आहे: पोस्त. दिवाळीत पोस्टमन, पेपरवाला, कचरा नेणारे ह्यांच्या हातावर आपण जे ठेवतो, तेच.

इंग्लंडात त्याला ‘ख्रिसमस बॉक्स’ म्हणतात. सतराव्या शतकात कारागिरांकडे उमेदवारी करणारी पोरं मातीचा गल्ला ठेवत, गिऱ्हाइकं त्यात नाणी टाकत, आणि नाताळ झाला की गल्ला फोडून वाटणी होई. सॅम्युअल पीप्स ह्यांच्या रोजनिशीत १९ डिसेंबर १६६३ ला नोंद आहे की जोडेवाल्याचे पैसे चुकते केले आणि नाताळासाठी पोरांच्या पेटीतही काही टाकलं. आरमाराच्या कचेरीतल्या एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याला ही गोष्ट लिहून ठेवावीशी वाटली, हे मला फार भावतं.

मोठ्या घरांतल्या नोकरांना नाताळच्या दिवशी राबावंच लागे. त्यांना घरी जायला मिळे ते २६ ला, बक्षिसी घेऊन. चर्चमध्ये हा संत स्टीफनचा दिवस. विधवांना रोजचं अन्न नीट वाटलं जावं म्हणून नेमलेल्या सात जणांपैकी तो एक, असं बायबल सांगतं. चर्चच्या दानपेट्या ह्याच दिवशी उघडत, अशीही परंपरा सांगतात. सरकारी शिक्का बसला १८७१ च्या बँक हॉलिडे कायद्याने. २६ ला शनिवार-रविवार आला तर तिकडे बदली सुट्टी मिळते.

मी इंग्लंडात लेस्टरला राहायचो तेव्हा हा दिवस आवडायचा तो त्याच्या निवांतपणामुळे. आदल्या दिवशीच्या टर्कीचं गार मांस, उरलेले बटाटे आणि कोबी एकत्र परतून केलेलं ‘बबल अँड स्क्वीक’, लांब पायी फेरफटका आणि फुटबॉल. फुटबॉलची परंपरा तर जबरदस्त आहे: १९२० च्या बॉक्सिंग डेला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर ‘डिक, कर लेडीज’ ह्या कामगार बायकांच्या संघाचा मदतनिधीसाठीचा सामना बघायला सुमारे ५३,००० लोक आले होते. पुढच्याच वर्षी फुटबॉल असोसिएशनने आपल्या मैदानांवर बायकांना खेळायला बंदी घातली. मला त्याचा आजही राग येतो.

इंग्रजांबरोबर ही सुट्टी ऑस्ट्रेलियात गेली. तिथे मात्र तेव्हा भर उन्हाळा. १९८० पासून जवळपास दरवर्षी मेलबर्नची कसोटी २६ डिसेंबरला सुरू होते, म्हणून ती ‘बॉक्सिंग डे टेस्ट’. २०२० साली आपल्या अजिंक्य रहाणेने कर्णधार म्हणून तिथे ११२ धावा केल्या, तीच ही.

पेटी आता पाकिटावर आली आहे. आमच्या लेस्टरच्या घरमालकीणबाई पोस्टमन आणि कचऱ्याच्या गाडीवाल्यांची पाकिटं डिसेंबरच्या मध्यालाच भरून दाराशी ठेवायच्या. तुम्ही तिकडे जाणार असाल तर तुम्हीही नाताळाआधीच द्या. २६ ला टपाल येत नाही आणि बहुतेक रेल्वेगाड्याही बंद असतात.