लिनक्सवर वाईन (विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) नवीन टाकलंय? आधी एवढंच बघ

भाऊ, दुकानातलं केळीच्या वजनाचं जुनं विंडोजचं बिलिंग लिनक्सवर चालवायचंय ना, चालेल बहुतेक, घाबरू नको. वाईन म्हणजे अख्खं विंडोज नाही, प्रोग्रॅम विंडोजकडे जे काम मागतो ते लिनक्सला समजेल असं करून देतं बस, १९९३ पासून चालूय हे.

- सुडो, म्हणजे अ‍ॅडमिनचे अधिकार देणारी कमांड, लावून चालवू नको. सगळे इथंच फसतात, मग फायलींचा मालक तू नाही, रूट (लिनक्सचा मुख्य अ‍ॅडमिन) होऊन बसतो.
- प्रत्येक प्रोग्रॅमला वेगळं प्रीफिक्स, म्हणजे वेगळा फोल्डर. मी सगळं एकाच डॉट-वाईनमध्ये, म्हणजे वाईनच्या नेहमीच्या फोल्डरात, कोंबलेलं, गेमसाठी एक डीएलएल (प्रोग्रॅम वापरतात ती विंडोजची कोड फाईल) बदलली न् चालू बिलिंग पण झोपलं, कळण्याची पुरी न् भरीत ताटात तसंच गार, रात्रभर बसलो.
- वाईनमधला झेड ड्राइव्ह म्हणजे तुझी अख्खी डिस्क, प्रोग्रॅमला तुझ्या फायली दिसतात, म्हणून क्रॅकवाल्या (चोरीच्या) एक्सई, म्हणजे विंडोज प्रोग्रॅमच्या फायली, नकोच.

प्रिंटरचं नंतर बघू, आधी टर्मिनलात (कमांड टाइप करायच्या खिडकीत) 'wine notepad' टाकून उघडतं का ते सांग.