कोल्हापूरहून जर्मनीत शिकायला गेल्यावर पहिल्या आठवड्यात काय काय करावं, आणि कोणत्या क्रमानं?

तुम्ही लिहिलंय की ऑक्टोबरच्या सत्रासाठी मास्टर्सला निघालाय, वसतिगृहात खोली मिळालीय, पण कामांची यादी एवढी वाढलीय की सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. माझं उत्तर एका ओळीचं आहे: पत्रपेटीवर तुमचं नाव लावण्यापासून सुरुवात करा. बाकीची कामं त्याच्या मागनं येतात.

आपल्याकडं 'मंगळवार पेठ, तालमीच्या मागं' एवढ्यावरही पत्र पोचतं, कारण पोस्टमन माणसाला ओळखतो. जर्मनीत पोस्टमन पेटीवरचं आणि बेलवरचं आडनाव वाचतो. ते नसेल तर पत्र परत जातं आणि तुम्हाला त्याचा पत्ताही लागत नाही. बँकेचं कार्ड, वेगळ्या पाकिटातून येणारा पिन, आरोग्य विम्याचं कार्ड, करक्रमांक हे सगळं तिथं आजही टपालानंच येतं. म्हणून किल्ली हातात पडल्यावर त्याच दिवशी आडनाव लावा. वसतिगृहाची छापील पाटी यायला वेळ लागणार असेल, तर कागदावर ठळक अक्षरांत लिहून चिकटवा. स्पेलिंग पासपोर्टवरचंच हवं.

त्या किल्लीसाठीच विमानाची तारीख नीट निवडा. वसतिगृहाचा व्यवस्थापक, त्याला तिथं हाउसमाइस्टर म्हणतात, सोमवार ते शुक्रवार ठरलेल्या वेळातच भेटतो. शनिवारी रात्री पोचलात तर सोमवारपर्यंत हॉटेल, आणि रविवारी दुकानंही बंद. मोठ्या रेल्वे स्टेशनातली तेवढी उघडी असतात. ३ ऑक्टोबरला राष्ट्रीय सुट्टी, तेव्हाही सगळं बंद. सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी उतरणारं विमान घ्या आणि किल्लीची वेळ ईमेलनं आधी पक्की करा. कोल्हापूर ते मुंबई विमानतळ साधारण ३८० किलोमीटर. आठ-नऊ तास धरले तरी खंबाटकी किंवा खंडाळ्याच्या घाटात गाड्या तुंबल्या की हिशोब कोलमडतो. रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसनं जाऊन दादरला उतरणं किंवा गाडीनं आदल्या दिवशीच पोचणं बरं.

आता कागद. पहिला कागद घरमालकाचा: ही व्यक्ती अमुक तारखेपासून इथं राहते, असं सहीनिशी प्रमाणपत्र. नाव लांबलचक आहे, व्होनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. किल्लीबरोबरच मागून घ्या. भाडेकरार याच्या जागी चालत नाही, आणि तिथंच बरेच जण अडकतात. हे प्रमाणपत्र, पासपोर्ट आणि भरलेला अर्ज घेऊन नगर कार्यालयात पत्त्याची नोंदणी करायची. तिला आनमेल्डुंग म्हणतात. कायद्यानं राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते. मोठ्या शहरांत भेटीची वेळ मिळता मिळत नाही, म्हणून ती कोल्हापुरात बसूनच ऑनलाइन घेऊन ठेवा. नाहीच मिळाली तर सकाळी लवकर संकेतस्थळ पाहा, रद्द झालेल्या वेळा तेव्हा मोकळ्या झालेल्या दिसतात. दोन आठवड्यांनंतरचीच वेळ मिळाली तर ती आधीच मागितल्याचा पुरावा जपून ठेवा.

अर्जात धर्माचा रकाना असतो. ठरावीक नोंदणीकृत चर्च किंवा धार्मिक संस्थेचे सदस्य असाल तर पुढं करपात्र पगारातून चर्चकर कापला जातो, त्यासाठी तो आहे. तिथं काय लिहितोय ते समजून लिहा.

नावाचा घोळ आपल्या मुलांचा हमखास होतो. दहावी-बारावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, शिवाय आईचं नाव वेगळं. पासपोर्टवर वडिलांचं नाव स्वतःच्या नावाला चिकटलेलं. जर्मनीत प्रत्येक अर्ज पासपोर्टप्रमाणंच भरा, एकीकडं वडिलांचं नाव आणि दुसरीकडं नाही असं करू नका. बँकेत एक आणि विम्यात दुसरं नाव पडलं, की दुरुस्तीला महिना जातो.

नोंदणीचा कागद मिळाला की त्याच दिवशी बँकेत जा. हा क्रम असा का? व्हिसासाठी दाखवलेले तुमचे पैसे श्पेरकोंटोत, म्हणजे गोठवलेल्या खात्यात अडकलेले असतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२. ते पैसे सुटायला चालू खात्याचा क्रमांक, पासपोर्ट आणि बहुतेक वेळा हा नोंदणीचा कागद लागतो, आणि त्यानंतरही काही दिवस जातात. तोवर भाडं, अनामत, गादी-उशी, भांडी हे सगळं तुमच्याच खिशातून. घरून निघताना फॉरेक्स कार्डावर आणि रोख मिळून निदान दीड-दोन महिन्यांचा खर्च हाताशी असू द्या. रोख ५०, २० आणि १० च्या नोटांत घ्या, मोठ्या नोटा दुकानदार नाकारतात. भारतातलं सिम बंद करू नका. इकडच्या बँकेचा ओटीपी त्याच्यावरच येतो, म्हणून निघण्याआधी रोमिंग चालू करून घ्या. तिथल्या प्रीपेड सिमलाही पासपोर्टची पडताळणी लागते.

आरोग्य विमा बहुधा प्रवेशाच्या वेळीच ठरलेला असतो. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्यांना सरकारी विमा सवलतीत मिळतो. विमा कंपनीला फक्त नवा पत्ता आणि बँक खातं कळवा. विद्यापीठात मूळ गुणपत्रकं, पदवी आणि एपीएस, म्हणजे भारतातली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं प्रमाणपत्र दाखवावं लागू शकतं, म्हणून ही फाइल विमानात हातातल्या बॅगेतच ठेवा.

व्हिसाची मुदत पहिल्याच आठवड्यात वहीत लिहून ठेवा. तो बहुतेक वेळा काही महिन्यांचाच असतो. राहण्याच्या परवान्याचा अर्ज मुदत संपण्याच्या आत जायलाच हवा, आणि परवाना देणाऱ्या कार्यालयाच्या वेळाही लवकर मिळत नाहीत. पत्त्याची नोंदणी झाली की लगेच तिकडं ईमेल टाका.

नोंदणीनंतर रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येईल: महिन्याला १८.३६ युरो, घरटी. टीव्ही नसला तरी भरावं लागतं. एकाच सदनिकेत चौघे असाल तर एकानं भरून बाकीच्यांनी त्याचा क्रमांक कळवायचा. ते पत्र जाहिरात समजून फेकू नका.

खाण्याकडं येतो. आपली कांदा-लसणाची चटणी न्यायला हरकत नाही, पण चेक-इन बॅगेत. मिरचीपूड हातातल्या बॅगेत चालत नाही. अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्या करा, दुहेरी प्लास्टिक, कडांना चिकटपट्टी, आणि बॅगेच्या मधोमध कपड्यांत गुंडाळून. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नेऊ नका, त्यातल्या तेलामुळं ते पेट घेणारं सामान धरतात आणि विमानतळावर काढायला लावतात. तूप, पेढे, बर्फी, खवा, सुकं मटण यातलं काहीच नको. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. ताजा कढीपत्ताही नको. गूळ चालतो. तुपाचं दुःख करू नका: तिथं बिनमिठाच्या लोण्याची २५० ग्रॅमची वडी मिळते. मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं कढवली की २०० ग्रॅमच्या आसपास तूप निघतं.

तिथला साधा मैद्यासारखा आटा, पाकिटावर ४०५ किंवा ५५० लिहिलेला, चपातीला घेऊ नका, चिवट होते. कणीक आणि ज्वारीचं पीठ भारतीय दुकानात मिळतं. हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, भेंडी, डाळी तुर्की दुकानात मिळतात. कुकर नेण्याआधी चूल कोणती ते वसतिगृहाला विचारा. इंडक्शन असेल तर तळाला चुंबक चिकटणारीच भांडी चालतात, साधा ॲल्युमिनियमचा कुकर नुसता शोभेला. विजेच्या काचेच्या शेगडीवर तो चालतो, फक्त बूड सपाट हवं. भाकरीला विस्तव नसतो, म्हणून दुसरी बाजू तव्यावरच कापडानं कडेकडेनं दाबत फिरवा, फुगते.

फोडणीचं मात्र मनावर घ्या. वसतिगृहाच्या खोल्यांत आणि बोळात धुराची यंत्रं असतात. तेल धुरावलं, त्यात चटणी पडली, की ठसका उठतो. अशा वेळी घाबरून स्वयंपाकघराचं दार उघडलं की धूर बोळात जातो आणि तिथलं यंत्र वाजतं. अग्निशमन दल आलं तर त्याचं बिल तुमच्या नावे येऊ शकतं. दार बंद, खिडकी सताड उघडी. गॅस बंद करून चटणी टाकायची आपली सवय तिथंही चालते, पण काचेची शेगडी बंद केल्यावरही तापलेलीच राहते, म्हणून भांडं खाली उतरवूनच टाका.

खोलीत हीटरच्या चकतीवर ३ म्हणजे साधारण २० अंश. थंडीतही दिवसातून दोन-तीनदा खिडकी पाच-दहा मिनिटं पूर्ण उघडा. नाहीतर कपडे वाळवल्याच्या आणि स्वयंपाकाच्या वाफेनं भिंतीला बुरशी धरते आणि ती अनामतीतून कापतात. पहिल्या दिवशीच खोलीतले जुने ओरखडे, डाग यांचे फोटो काढून व्यवस्थापकाला ईमेल करा, हेही त्याच अनामतीसाठी.

बस-ट्रामचं तिकीट बऱ्याच विद्यापीठांत सत्रशुल्कातच येतं, पण नाव नोंदवून ते मोबाइलवर येईपर्यंत सुटं तिकीट काढा. अनेक ठिकाणी कागदी तिकिटावर यंत्रात शिक्का मारावा लागतो. न मारलेलं तिकीट विनातिकीटच धरतात आणि दंड ६० युरो.

घरी फोन करायची वेळ आधीच ठरवा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत आपण साडेतीन तास पुढं, त्यानंतर साडेचार. तिथं संध्याकाळी सातला मोकळे व्हाल तेव्हा इथं साडेदहा, पुढं साडेअकरा, आणि आई जागी राहून वाट बघत बसेल. त्यापेक्षा तिथल्या दुपारी साडेबाराचा फोन बरा, इथं चहाची वेळ असते. पहिले चार-पाच दिवस पहाटे तीन-चारला जाग येईल. दुपारी झोपू नका आणि रात्री नऊपर्यंत कसंही जागा, म्हणजे घडी बसते.