खोडरबराने पडलेलं भोक

‘जरा काही चुकलं की कोसळतोच हो तो. पुढे कसं व्हायचं याचं?’ शाळेत समुपदेशन करताना हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. त्या दिवशी चौथीतल्या एका मुलाची आई तो घेऊन आली होती. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) चाचणी असली की सकाळी याचं पोट दुखायचं. डॉक्टरांच्या तपासणीत काही निघालं नाही, तेव्हा ‘नाटकं करतो’ असं घरात ठरून गेलं. नाटक नव्हतं ते. ताणाने पोट खरोखर दुखतं.

मी त्याची गणिताची वही मागितली. एका वजाबाकीच्या जागी कागदाला आरपार भोक होतं. हातच्याची साधी चूक, पण खोडून खोडून पान फाटलेलं, आणि ते झाकायला त्याने पुढचं पान त्यावर चिकटवलेलं. माझ्या पोटात कालवलं.

‘चुकलं तर काय होतं रे?’

बराच वेळ गप्प. मग म्हणाला, ‘मग मी हुशार नसतो.’

घरी सगळे त्याला कौतुकाने हुशारच म्हणत. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी पाचवीतल्या मुलांना कोडी सोडवायला देऊन केलेले प्रयोग १९९८ साली प्रसिद्ध झाले. ‘हुशार आहेस’ अशी शाबासकी मिळालेली मुलं अवघड कोडी अडल्यावर लवकर खचली. ‘मेहनत घेतलीस’ असं ऐकलेली नेटाने टिकली. हे ऐकून आईचे डोळे भरून आले. तिला दोष द्यायचा नव्हताच. ‘कसं सोडवलंस, दाखव ना’ असं विचारत जा, एवढंच सांगितलं.

खरं काम वर्गात झालं. वर्गशिक्षिकांना सुचवलं, की खोडरबर नको. चुकीवर एक आडवी रेघ आणि शेजारी पुन्हा गणित. हा नियम अख्ख्या वर्गाला, त्याला एकट्याला नाही. बाई त्याच्याही पुढे गेल्या. फळ्यावर स्वतःचं चुकलं की पुसायच्या नाहीत. ‘थांबा, कुठे गडबडले मी?’ म्हणत मुलांकडूनच शोधून घ्यायच्या. माझ्या बैठकांपेक्षा याचं मोल मला जास्त वाटतं.

मधल्या एका चाचणीत तो पुन्हा रडला. बाई शेजारी बसल्या, ‘रडून घे, मग बघू’ म्हणाल्या आणि खरंच थांबल्या.

सत्र संपताना तो वही घेऊन आला. एकाच गणितावर तीन रेघा, चौथ्यांदा उत्तर बरोबर. ‘तीनदा चुकलं,’ म्हणाला, आणि पान उलटून पुढचं गणित दाखवायला लागला.