दंतवैद्याच्या साहाय्यकाचे काम ‘नुसती हत्यारे धुण्याचे’ असते का?

प्रश्न : माझ्या मुलीचे शालेय शिक्षण विज्ञान विषय घेऊन नुकतेच पूर्ण झाले आहे. दंतवैद्याच्या साहाय्यकाचा, म्हणजे डेंटल असिस्टंटचा अभ्यासक्रम करायचे तिने मनात घेतले आहे. नातेवाईक म्हणतात, ‘दिवसभर हत्यारे धुवायची आणि लोकांचे रोग घरी आणायचे, याला का कोणी करिअर म्हणते?’ शिवाय आजीची दाढ काढताना ती सोबत गेली होती, तेव्हा रक्त पाहून तिलाच घेरी आली. तिला हा अभ्यासक्रम करू द्यावा का? – एक आई

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आपल्या नातेवाइकांचे म्हणणे मी उडवून लावणार नाही, कारण हत्यारे धुणे हा या कामाचा मोठा भाग आहे हे खरेच आहे. त्यांची चूक एवढीच, की त्या धुण्याला ते हलके समजतात. या व्यवसायाविषयी मुलांना सांगण्याआधी तो जवळून पाहावा म्हणून मी एका दंतचिकित्सालयाच्या निर्जंतुकीकरणाच्या खोलीत दोन दिवस बसले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेने हत्यारे निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून, हत्यारांची पाकिटे बाहेर काढताना तिथल्या साहाय्यिकेला एका पाकिटाच्या कागदी बाजूवर रुपयाएवढा ओला डाग दिसला. पाकिटावरची खूण रंग बदललेली होती, आतला चिमटा चकचकीत होता आणि बाहेर रुग्ण थांबले होते. तरीही तिने ते पाकीट बाजूला ठेवले, चिमटा नव्या पाकिटात घातला आणि पुढच्या फेरीत पुन्हा लावला. ओल्या कागदातून हातावरचे किंवा टेबलावरचे जंतू आत झिरपतात, म्हणून ओले पाकीट निर्जंतुक धरायचे नाही, असा नियम आहे. तिने तो मोडला असता तर ते कोणालाही कधीच कळले नसते. मुलीला हे काम झेपेल का, याचा विचार आपण याच ठिकाणाहून सुरू करावा, असे मला वाटते.

आता त्या धुण्यात नेमके काय असते ते पाहू. दाढ काढून झाल्यावर पकडीच्या खाचांमध्ये रक्त, लाळ आणि हाडाचे बारीक कण अडकलेले असतात, आणि ते वाळले की त्यांचा कठीण थर बसतो. वाफ त्या थराच्या आत पोहोचू शकत नाही. म्हणून मळलेले हत्यार कितीही वेळ तापवले तरी ते निर्जंतुक झाले असे म्हणता येत नाही. हत्यारे आधी ओली ठेवायची, जाड रबरी हातमोजे घालून किंवा ध्वनिलहरींच्या यंत्रात ती स्वच्छ करायची, खळबळून कोरडी करायची, भिंगाखाली त्यांचे सांधे तपासायचे आणि मगच पाकिटात भरायची. ऑटोक्लेव्ह घरच्या प्रेशर कुकरच्याच तत्त्वावर चालतो: दाब वाढवला की वाफ शंभर अंशांच्या वर जाते. १२१ अंश सेल्सिअसला किमान १५ मिनिटे किंवा १३४ अंशांना किमान ३ मिनिटे वाफेचा प्रत्यक्ष स्पर्श झाला, की जंतूंचे चिवट बीजाणूही, म्हणजे कठीण कवचातली त्यांची सुप्त रूपेही, मरतात. मात्र ही मिनिटे आतले सर्व सामान त्या तापमानाला पोहोचल्यानंतर मोजायची असतात, आणि यंत्र दाटीवाटीने भरले तर हवेचे कप्पे आत अडकून वाफ सगळीकडे पोहोचतच नाही. पाकिटावरच्या खुणेने रंग बदलला याचा अर्थ ते पाकीट उष्णतेत जाऊन आले, एवढाच. जंतू खरोखर मेले का, हे पाहण्यासाठी उष्णतेला सर्वांत दाद न देणाऱ्या जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या जंतूच्या बीजाणूंची कुपी यंत्रात ठेवून नंतर ती वाढीला लावतात. चांगल्या ठिकाणी ही चाचणी दर आठवड्याला होते आणि तिची नोंद वहीत असते.

कोणत्या वस्तूला किती शुद्धता हवी, याचा विचार अर्ल स्पॉल्डिंग यांनी केलेल्या वर्गवारीवर उभा आहे. हाडात किंवा मांसात शिरणारी वस्तू पूर्ण निर्जंतुकच हवी. तोंडातल्या आरशासारखी फक्त तोंडाच्या आतल्या ओल्या अस्तराला लागणारी वस्तू उष्णता सोसत असेल तर तीही निर्जंतुक करायची. आणि दिव्याची मूठ किंवा खुर्चीचे बटण यांना आवरण घालायचे किंवा दर रुग्णानंतर जंतुनाशकाने पुसायचे. दात कोरणारा हॅण्डपीस बाहेरून पुसला तर चालेल असे पूर्वी पुष्कळांना वाटे, पण तो थांबताना लाळ आणि रक्त आत ओढले जाऊ शकते, त्यामुळे त्यालाही दर रुग्णानंतर ऑटोक्लेव्हमध्ये जावे लागते. ज्या चिकित्सालयात तीनच हॅण्डपीस आहेत आणि दिवसाला वीस रुग्ण येतात, तिथे तो नियम कसा पाळला जात असेल, याचा हिशेब आपणच करावा.

खुर्चीच्या पाण्याकडे तर बाहेरच्या माणसाचे लक्षच जात नाही. बारीक नळ्यांत रात्रभर पाणी साचून राहिले की आतल्या भिंतीवर जंतूंचा चिकट थर धरतो. २०११ मध्ये इटलीत ८२ वर्षांच्या एका स्त्रीचा लीजिओनेला जंतूमुळे न्यूमोनिया होऊन मृत्यू झाला, आणि तपासणीत तो जंतू तिच्या दंतवैद्याकडच्या नळ्यांतल्या जंतूशी जुळला. म्हणून नळ्यांमध्ये ठरावीक काळाने जंतुनाशक सोडणे, पाण्याची तपासणी करणे आणि दोन रुग्णांच्या मध्ये २० ते ३० सेकंद पाणी वाहू देणे, ही कामे साहाय्यकाकडे येतात.

आता आपल्या मनातल्या भीतीविषयी. धोका नाही, असे सांगून मी आपली समजूत घालणार नाही. हेपटायटिस बी या यकृताच्या विषाणूजन्य आजाराने बाधित रुग्णाच्या रक्ताची सुई लस न घेतलेल्या व्यक्तीला टोचली, तर लागण होण्याची शक्यता साधारण ६ ते ३० टक्के धरली जाते, आणि हा विषाणू वाळलेल्या रक्तात निदान आठवडाभर टिकून राहतो. एचआयव्हीच्या बाबतीत सुई टोचण्याचा हाच धोका सुमारे ०.३ टक्के, म्हणजे पुष्कळच कमी आहे, तरी समाजात भीती नेमकी त्याचीच जास्त. विशेष म्हणजे यातला जो धोका मोठा, त्याच्यावर उत्तम लस आहे. राहिला प्रश्न टोचण्याचा. वापरलेल्या सुईला दोन्ही हातांनी टोपण लावताना पुष्कळ अपघात होतात. म्हणून टोपण ट्रेमध्ये आडवे ठेवून एकाच हाताने सुई त्यात सरकवायची आणि मग ती भोक न पडणाऱ्या डब्यात टाकायची, हा हात अभ्यासक्रमाच्या सुरुवातीलाच बसवून घ्यावा लागतो. एवढे करूनही टोचलेच, तर जागा साबण आणि पाण्याने धुवायची, दाबून रक्त काढत बसायचे नाही, रुग्ण कोण होता याची नोंद करायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचे. कारण एचआयव्हीवरचे प्रतिबंधक औषध काही तासांत सुरू करणे उत्तम, आणि ७२ तासांनंतर त्याचा उपयोग उरत नाही. ही घटना जिथे लपवली जात नाही, तिथे काम करणे सुरक्षित. घरी रोग नेण्याविषयी म्हणाल, तर कामाचा अंगरखा चिकित्सालयातच काढून ठेवणे आणि हातमोजे उतरवल्यावरही हात धुणे, एवढ्या दोन सवयींनी पुष्कळ काळजी मिटते. हातमोज्यांना डोळ्यांना न दिसणारी भोके असतात, हे नवशिक्यांना पटायला वेळ लागतो.

आपल्या मुलीला आलेल्या घेरीबद्दल मला उलट थोडे बरेच वाटले. दंतवैद्याच्या खुर्चीत रुग्णांना सर्वांत जास्त वेळा होणारा त्रास हाच आहे. दंतवैद्याची नजर तोंडाच्या आत असते. रुग्णाचा बाकीचा देह साहाय्यकाच्या नजरेत असतो. कपाळावर घामाचे थेंब येतात, ओठांचा रंग उतरतो, खुर्चीच्या हातावरची पकड अचानक सैल पडते, आणि हे पाहून ‘जरा थांबू या’ असे हळू आवाजात म्हणणारी व्यक्ती बहुधा साहाय्यकच असते. मग खुर्ची आडवी करायची, पाय डोक्यापेक्षा उंच करायचे, आणि रुग्ण स्त्रीचे दिवस भरत आलेले असतील तर तिला डाव्या कुशीवर वळवायचे. दम्याचा झटका आला असेल तर मात्र त्या माणसाला आडवे न करता बसते करायचे आणि त्याचा पंप हातात द्यायचा. मधुमेहाचा रुग्ण औषध घेऊन पण उपाशीपोटी आला आहे का, कोणाचे रक्त पातळ करणारे औषध चालू आहे का, पेनिसिलिनचे वावडे आहे का, हे प्रश्न दर खेपेला नव्याने विचारणे हेही साहाय्यकाचेच काम. दाढ काढल्यावर कापसाची घडी अर्धा तास दाबून धरा, चोवीस तास जोराने चूळ भरू नका, आणि लहान मुलाचा ओठ बधिर असेपर्यंत मूल तो चावणार नाही याकडे लक्ष ठेवा, या सूचना दंतवैद्य घाईत सांगून जातात. रुग्णाला त्या खरोखर समजल्या की नाही हे पाहायला मागे साहाय्यकच थांबलेला असतो. रक्ताची सवय बहुतेकांना काही आठवड्यांत होते. घेरी आली म्हणून क्षेत्र सोडू नये. ती येते आहे हे वेळेवर सांगण्याचा संकोच असेल तर मात्र अडचण येते.

हे काम कोणाला मानवत नाही, हेही सांगायला हवे. ज्याला रोज काहीतरी नवीन लागते, किंवा केलेल्या कामाची दखल कोणीतरी घ्यावी असे वाटते, त्याने या वाटेला जाऊ नये. जंतुसंसर्ग टळला याचा पुरावा दिसत नाही. कोणी आजारी पडले नाही, एवढेच फळ. पुढच्या वाटा आहेत: प्रत्येक देशाच्या नियमांप्रमाणे जादा शिक्षण घेऊन दातांची स्वच्छता करणारी हायजिनिस्ट होता येते, क्ष-किरण चित्रे काढण्याचे काम शिकता येते, मोठ्या रुग्णालयाच्या मध्यवर्ती निर्जंतुकीकरण विभागात किंवा संसर्गनियंत्रणाच्या कामात जाता येते.

संस्था निवडताना माहितीपत्रकातल्या चकचकीत खुर्च्यांपेक्षा तिथली हत्यारे धुण्याची खोली दाखवा असे सांगावे. मळलेली हत्यारे एका बाजूने येऊन स्वच्छ होऊन दुसऱ्या बाजूने बाहेर पडतात की दोन्ही एकाच ओट्यावर असतात, पाकिटांवर तारीख आहे का, बीजाणू-चाचणीची वही गेल्या आठवड्यापर्यंत भरलेली आहे का, एवढे पाहावे. खोली दाखवायला कोणी टाळाटाळ केली, तर तिथे प्रवेश घेऊ नये.

आणि एक गोष्ट आपण याच महिन्यात करावी. मुलीने हेपटायटिस बीची लस लहानपणी घेतली होती का, ते शोधावे. नोंद सापडली तर तिच्या रक्तात पुरेशी प्रतिद्रव्ये आहेत का हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. घेतली नसल्यास पहिली मात्रा आत्ता, दुसरी एका महिन्याने आणि तिसरी सहाव्या महिन्यात, असा क्रम असतो, आणि शेवटच्या मात्रेनंतर महिना-दोन महिन्यांनी रक्ततपासणी होते. प्रत्यक्ष रुग्णांजवळ उभे राहण्याआधी हे सारे पूर्ण व्हायला हवे, त्यामुळे अर्ज भरायच्या आधीच पहिली मात्रा घेतलेली बरी.