वाचकांचे प्रश्न: राजा गेला, मग प्रजासत्ताक पाच वेळा कसं आलं?

प्रश्न: मुलीचा इतिहासाचा अभ्यास घेताना अडकलो. फ्रान्समध्ये राजाला गिलोटिनवर चढवलं आणि प्रजासत्ताक आलं एवढं आम्हाला शाळेत शिकवलेलं, पण बातम्यांत सारखं 'पाचवं प्रजासत्ताक' म्हणतात. आधीची चार कुठे गेली? आणि राजा परत आलाच नाही का कधी?

उत्तर: आला की, चांगला आला. आपल्याकडे शाळेत फ्रेंच राज्यक्रांती नेपोलियनपाशी संपते म्हणून हा घोळ होतो. १७९२ च्या सप्टेंबरात राजेशाही रद्द झाली, पुढच्या जानेवारीत सोळाव्या लुईचं डोकं उडवलं, आणि बारा वर्षांत, म्हणजे १८०४ ला, नेपोलियन सम्राट होऊन बसला, पहिलं संपलं. तो हरल्यावर लुईचे भाऊ गादीवर, मग चुलत घराण्यातला लुई फिलिप. १८४८ ला त्यालाही हाकलून दुसरं प्रजासत्ताक आणलं, सगळ्या पुरुषांना मत दिलं, आणि लोकांनी निवडून कुणाला दिलं तर नेपोलियनच्या पुतण्याला! त्याने १८५१ ला सत्ता बळकावली आणि वर्षभराने तोही सम्राट.

खरी मजा तिसऱ्याची आहे आणि तीच कुणी सांगत नाही. १८७० ला हा पुतण्या सेडानच्या लढाईत प्रशियाच्या, म्हणजे एका जर्मन राज्याच्या, हाती सापडला, पॅरिसमध्ये ४ सप्टेंबरला प्रजासत्ताक जाहीर झालं, पण पुढच्या फेब्रुवारीत निवडणूक झाली तर असेंब्लीत बहुमत राजेशाहीवाल्यांचं! म्हणजे प्रजासत्ताक चालवायला बसलेल्यांनाच ते नको होतं. राजाही तयार होता, काउंट ऑफ शांबोर, जुन्या बूर्बाँ घराण्यातला. त्याला मूलबाळ नव्हतं म्हणून त्याच्यानंतर गादी लुई फिलिपच्या नातवाकडे जाईल असं दोन्ही घराण्यांचं जुळतही आलं होतं. मिरवणुकीसाठी बग्ग्यासुद्धा बनवून घेतल्या होत्या, आजही शांबोरच्या राजवाड्यात बघायला मिळतात.

घोडं अडलं ते झेंड्यावर. शांबोर म्हणाला निळा-पांढरा-लाल झेंडा हा क्रांतीचा, मला माझ्या पूर्वजांचा पांढराच पाहिजे. लोकांनी समजावलं, की अहो सैन्य तिरंगा सोडणार नाही, पण हा १८७१ ला नाही म्हणाला आणि १८७३ च्या ऑक्टोबरमध्ये पत्र लिहून परत नाही म्हणाला. तत्त्वाला जागला म्हणा किंवा हट्टी म्हणा, मला तरी तो हट्टीच वाटतो, कारण अख्खं राज्य ताटात वाढून ठेवलं होतं.

मग राजेशाहीवाल्यांनी काय केलं, तर घोंगडं भिजत ठेवलं. मार्शल मॅकमहॉन आपल्यातलाच आहे, त्याला सात वर्षं राष्ट्राध्यक्ष ठेवू, तोवर शांबोरचं काही बरंवाईट झालं तर पुढचा राजा तिरंगा घेईलच. शांबोर गेला १८८३ ला. तोपर्यंत खूप उशीर झाला होता, कारण १८७५ च्या जानेवारीत असेंब्लीत वालाँ नावाच्या सदस्याची दुरुस्ती आली, की 'प्रजासत्ताकाचा राष्ट्राध्यक्ष' दोन्ही सभागृहं मिळून निवडतील, सात वर्षांसाठी. ३५३ विरुद्ध ३५२. एका मताने मंजूर, आणि प्रजासत्ताक कायद्यात पक्कं बसलं! तात्पुरतं म्हणून उभं केलेलं हे तिसरं प्रजासत्ताक १९४० पर्यंत टिकलं, आणि संपवलं ते जर्मनीकडून झालेल्या पराभवाने, कुठल्या राजाने नाही.

बाकीचं थोडक्यात. चौथं १९४६ ते १९५८, त्यात सरकारं इतकी पडली की बारा वर्षांत वीसच्या वर झाली, शेवटी अल्जीरिया या फ्रेंच वसाहतीतल्या स्वातंत्र्ययुद्धाच्या प्रकरणात दुसऱ्या महायुद्धातल्या जनरल द गॉलला बोलवावं लागलं आणि त्याने नवी राज्यघटना आणली, तेच हे पाचवं. नंबर बदलतो तो राज्यघटना नवी आली की, राष्ट्राध्यक्ष बदलल्यावर नाही, हे मुलीला नक्की सांगा, पेपरात हमखास चुकतं.

आणि ती सात वर्षं? शांबोर मरायची वाट बघायला काढलेला आकडा, पण चौथ्यातही राहिला आणि पाचव्यातही. मुदत राष्ट्राध्यक्षाची सात आणि संसदेची पाच, त्यामुळे राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा नि पंतप्रधान विरोधी पक्षाचा अशी त्रांगडी होऊ लागली, तेव्हा कुठे २००० साली जनमत घेऊन ती पाचवर आणली. मतदानाला आले जेमतेम ३० टक्के लोक. त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष शिराक यांच्या वाट्याला मात्र दोन्ही मापं आली, १९९५ ला निवडून आले ते सात वर्षांसाठी आणि २००२ ला पाच.